चुऱ्याचे गणित

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली आणि अलायन्स एअरचे एटीआर-७२ वऱ्हाडच्या आकाशात दिसू लागले. या विमानाचा पंख प्रवाशाच्या खिडकीच्या वर असतो, आणि त्याच्या बाहेरच्या भागाचा मुख्य सांगाडा कार्बन फायबरचा आहे. त्याच बेलोऱ्यातल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेसाठी एअर इंडियाने डिसेंबर २०२४ मध्ये ३४ शिकाऊ विमानांची मागणी नोंदवली. त्यांतली ३१ एक-इंजिनी विमाने अमेरिकेच्या पायपर कंपनीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या अंगाची. उरलेली ३ दोन-इंजिनी विमाने ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीची, आणि त्यांचे अंग कार्बन फायबरचे. अमरावतीहून पूर्वेला दीडशे किलोमीटरवर, नागपूरच्या मिहानमध्ये, टाटा समूहाच्या टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्सने बोइंग ७८७ या विमानाच्या फरशीखालच्या कंपोझिट तुळया बनवल्या. तेव्हा कार्बन फायबर ही आता परदेशी मासिकात वाचायची गोष्ट राहिलेली नाही. शिकाऊ वैमानिक विमान कधी ना कधी आपटूनच उतरवणार. अशा वेळी हे अंग कसे मोडेल, आणि मोडताना आतल्या माणसाला किती वाचवेल, हे आधी कसे ठरवतात? सर्रास मिळणारे उत्तर म्हणजे ‘संगणकावर’. हे उत्तर अर्धेच खरे आहे. पोलादाच्या बाबतीत संगणक जवळजवळ स्वतंत्रपणे साक्ष देऊ शकतो. कार्बन फायबरच्या बाबतीत मात्र तो प्रयोगाने पढवलेलेच बोलतो, आणि याचा दोष संगणकाकडे जात नाही. या पदार्थाची मोडण्याची रीतच तशी आहे.

आधी पदार्थाकडे पाहू. कार्बन फायबरचा एक तंतू साधारण ७ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. आज तो बहुतेक करून पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्रिल या कृत्रिम धाग्याला ऑक्सिजनविना हजार अंशांच्या वर तापवून मिळवतात. (वऱ्हाडी वाचकाने एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही की १८७९ मध्ये एडिसनने दिव्यात जो कार्बनचा धागा पेटवला, तो कापसाचा दोरा जाळून केलेला होता.) असे हजारो तंतू शेजारी शेजारी ठेवून, इपॉक्सी राळेत भिजवून जो थर होतो त्याची जाडी मिलिमीटरचा सातवा-आठवा भाग. असे पंधरा-वीस थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचले, दाबाखाली भाजले, की कंपोझिट तयार. वजन पोलादाच्या पाचव्या हिश्शाइतके आणि तंतूंच्या दिशेने ताकद उत्तम पोलादापेक्षाही जास्त. पण ही ताकद एका दिशेची. तंतूंना आडवे ओढले तर सगळा भार राळेवर येतो, आणि दोन थरांच्या मध्ये तर राळेशिवाय काहीच नसते.

पोलाद आणि कार्बन यांच्यातला धडकेच्या दृष्टीने खरा फरक ताकदीत नाही, ताणल्या जाण्यात आहे. गाडीच्या पत्र्याचे मऊ पोलाद तुटण्यापूर्वी तीस-चाळीस टक्के लांबते. कार्बनचा तंतू दीड-दोन टक्क्यांनंतर थेट तुटतो. धडकेत सुरक्षितता म्हणजे गतीची ऊर्जा कुठे तरी पचवणे. पोलाद ती वाकण्यात, घड्या पडण्यात पचवते. जो पदार्थ वाकतच नाही तो ऊर्जा कशी पचवणार? १९८१ मध्ये जॉन बार्नार्डने आखलेली मॅकलॅरनची एमपी४/१ ही कार्बन फायबरच्या सांगाड्याची पहिली फॉर्म्युला वन गाडी शर्यतीत उतरली तेव्हा प्रतिस्पर्ध्यांची शंका नेमकी हीच होती: पहिल्या धडकेत याची भुकटी होईल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी कठड्यावर आदळली. इंजिन आणि गिअरबॉक्स तुटून वेगळे झाले. वॉटसन चालत बाहेर आला. एका घटनेने सिद्धांत ठरत नाही हे खरे, पण शंकेखोरांचे तर्कशास्त्र कुठे चुकले हे शोधणे भाग पडले.

चूक अशी की त्यांनी ऊर्जा पचवण्याचा एकच मार्ग गृहीत धरला होता. कार्बन फायबरची पोकळ नळी उभी धरून दाबली, आणि तिचे टोक आधी तिरपे कापून धारदार केलेले असले, तर चुरा टोकापासून सुरू होतो आणि नळीच्या लांबीने पुढे सरकत जातो. जमिनीत ठोकलेल्या लाकडी खुंट्याचे डोके घणाच्या घावांनी फुलून त्याचा कुंचा होतो, तसेच नळीचे टोक फुलते: काही थर बाहेर वळतात, काही आत, मधे भुकटी अडकते. ऊर्जा जाते ती लाखो बारीक भेगांच्या नव्या पृष्ठभागांत, तंतू तुटण्यात आणि तुटलेल्या तुकड्यांच्या घर्षणात. हिशेब केला तर एक किलो ॲल्युमिनियम किंवा पोलादाची नळी साधारण १५ ते ३० किलोज्यूल पचवते. चांगली बनवलेली कार्बन-इपॉक्सी नळी ५० ते १०० किलोज्यूल. म्हणजे ठिसूळ पदार्थ लवचीक पदार्थाहून किलोमागे दुप्पट-तिप्पट काम करतो. पण तीच नळी टोक तिरपे न कापता दाबली तर ती मधेच कडकन मोडू शकते, आणि मग पचलेली ऊर्जा नगण्य. पदार्थ तोच, वजन तेच, थरांची रचना तीच. फरक फक्त टोकाच्या कापाचा. पुढचा सगळा युक्तिवाद याच निरीक्षणावर उभा आहे. ऊर्जा पचवणे हा कार्बन फायबरचा गुणधर्म नाहीच. पदार्थ, आकार, रचना आणि चुरा सुरू होण्याची जागा या चौघांचा तो एकत्रित परिणाम आहे.

धातूची धडक संगणकावर कशी मांडतात ते पाहिले की अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६ मध्ये डायना-थ्रीडी हा प्रोग्रॅम लिहिला. आज जगभर वापरला जाणारा एलएस-डायना त्याचाच वंशज. १९८० च्या दशकाच्या मध्यात फ्रान्सच्या ईएसआय कंपनीने फोक्सवॅगन पोलोची समोरासमोरची पूर्ण धडक क्रे संगणकावर एका रात्रीत सोडवली, तेव्हा गाडीचे पाच-सहा हजार तुकडे कल्पिले होते. आजच्या मॉडेलात ते काही लाखांपासून कोटीपर्यंत असतात. पद्धत मात्र तीच. प्रत्येक तुकड्यावरचे बळ काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला इवलेसे पुढे सरकवायचे, पुन्हा बळ काढायचे. एक पाऊल किती लहान घ्यायचे हे त्या तुकड्यातून ध्वनिलहर आरपार जायला लागणाऱ्या वेळावर ठरते. पोलादात ध्वनी सेकंदाला ५ किलोमीटर धावतो, म्हणून ५ मिलिमीटरच्या तुकड्यासाठी पाऊल एका मायक्रोसेकंदाचे. धडक दशांश सेकंदाची. म्हणजे एक लाख पावले. आणि एवढे करायला पदार्थाबद्दल काय माहीत असावे लागते? मुख्यतः ताण-चाचणीतून मिळालेला एक वक्र, आणि वेग वाढला की तो किती वर सरकतो याची दुरुस्ती. बाकी घड्या कुठे पडतील, किती पडतील, हे गणितातून आपोआप निघते. कोणी सांगावे लागत नाही. म्हणून भारत एनसीएपी या गाड्यांच्या सुरक्षा-मानांकनाच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळते तेव्हा निकालाचा बराच अंदाज कंपनीच्या अभियंत्यांना आधीच आलेला असतो.

आता हेच कार्बन फायबरला लावा. तंतूंच्या दिशेने ध्वनी सेकंदाला ९ किलोमीटर धावतो, म्हणजे पाऊल आधीच जवळजवळ निम्मे. थर कुठे सुटतात ते पकडायचे तर तुकडा अर्ध्या मिलिमीटरचा हवा. पाऊल आणखी दहापट लहान. त्याच क्षेत्रफळात तुकडे शंभरपट, आणि १६ थर वेगळे मांडले तर सोळाशेपट. सगळे गुणले की काम पंचवीस-तीस हजारपट वाढते. ज्या यंत्राला पोलादाची गाडी आठ तासांत सोडवता येते, त्याला हे काम पंचवीस वर्षे पुरेल. म्हणून व्यवहारात कोणी असे करत नाही. सोळा थरांचा मिळून एकच जाड तुकडा धरतात, आणि आतला सगळा गोंधळ एका सूत्रात कोंबतात.

त्या सूत्रात काय असते? तुकड्यावरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो मोडला असे जाहीर करायचे आणि मॉडेलातून काढून टाकायचा. इथे दोन गोष्टी हातातून निसटतात. काढून टाकलेला तुकडा अदृश्य होतो. खऱ्या नळीत तो चुरा होऊन आतच अडकतो, घासतो, ऊर्जा खातो. दुसरे म्हणजे पहिली रांग काढून टाकली की पुढची रांग ताज्या, अखंड पदार्थासारखी एकदम समोर येते, बळ एकदम उसळते आणि मॉडेलची नळी मधेच मोडते. खऱ्या नळीत पुढची रांग आधीच भेगाळलेली असते. यावर एलएस-डायनाच्या कंपोझिटसाठी फार वापरल्या जाणाऱ्या मॅट-५४ या पदार्थ-सूत्रात एक तोडगा आहे: सॉफ्ट नावाचा एक आकडा. चुऱ्याच्या तोंडाशी असलेल्या तुकड्यांची ताकद या आकड्याने मुद्दाम कमी करायची. हा आकडा कुठल्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात पाओलो फेराबोली आणि बॉनी वेड यांनी या सूत्राचा कसून अभ्यास केला. नागमोडी पट्टीच्या चुऱ्यात मॉडेल प्रयोगाशी जुळते की कोसळते हे सर्वात जास्त या एका आकड्यावर ठरते, आणि नागमोडी पट्टीसाठी जुळलेला आकडा चौकोनी नळीला किंवा काटकोनी पट्टीला चालत नाही, असे त्यांना दिसले. पदार्थ एकच असूनही! ज्याला आपण पदार्थाचा आकडा म्हणतो तो आकारागणिक बदलत असेल, तर तो पदार्थाचा नाही. तो प्रयोगाचे उत्तर आहे, फक्त प्रश्नाच्या जागी लिहिलेले.

यावर जाणकार म्हणतील की मॅट-५४ हे जुने, ओबडधोबड सूत्र. त्यापेक्षा चांगली सूत्रे आली आहेत. आली आहेत हे खरे. तुकड्याच्या आकारावर उत्तर अवलंबून राहू नये म्हणून भेगेची ऊर्जा वेगळी मोजून सूत्रात घालण्याची कल्पना बाझांत आणि ओ यांनी काँक्रीटसाठी १९८३ मध्ये मांडली. कंपोझिटने ती उचलली. थर सुटायला चौरस मीटरमागे फक्त दोन-तीनशे ज्यूल लागतात, तर तंतू आडवे तोडायला ऐंशी-नव्वद हजार. हे आकडे मोजता येतात आणि भौतिक अर्थाचे आहेत. पण या शेकडो पटींच्या तफावतीतच घात आहे. भेग थरांच्या मधून पळाली की ऊर्जा क्षुल्लक, तंतूंतून गेली की प्रचंड, आणि ती कुठून जाईल हे शेवटच्या क्षणापर्यंत डळमळीत असते. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये हिंटन, सोडेन आणि कद्दूर यांनी एक मोठी परीक्षाच घेतली. कंपोझिट मोडण्याचे १९ सिद्धांत, प्रत्येकाच्या पुरस्कर्त्यालाच बोलावले, १४ प्रकरणे दिली, आणि उत्तरे आल्यावर मगच प्रयोगाचे निकाल दाखवले. एकाही सिद्धांताला सगळी प्रकरणे नीट सांगता आली नाहीत. आणि ही प्रकरणे धडकेची नव्हती; सावकाश वाढवलेल्या भाराची होती. धडक तर त्यापुढची पायरी.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे: संगणक दर काही वर्षांनी वेगवान होतात, कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, तेव्हा ही अडचण तात्पुरती. वर केलेला पंचवीस वर्षांचा हिशेब पाहता हा आक्षेप रास्त वाटतो, आणि त्या हिशेबापुरता तो मान्य करायला हवा. पण उरलेली अडचण वेगाने सुटणारी नाही. तंतू दाबाखाली किती टिकतो हे तो किती सरळ बसला आहे यावर ठरते. साध्या सूत्राने पाहिले तरी एका अंशाचा वाकडेपणा दोन अंश झाला की दाब सोसण्याची ताकद तिसऱ्या हिश्शाने घटू शकते. एक अंश! थर रचताना कारागिराचा हात, भाजताना राळेचा प्रवाह, अडकलेले हवेचे बुडबुडे यांतून एवढा फरक सहज पडतो. संगणकाला जे भाग दिले जातात ते सगळे एकसारखे, सरळ तंतूंचे, निर्दोष असतात. कारखान्यातून येणारे तसे नसतात. शिकवलेली बुद्धिमत्ताही याच प्रयोगांवर आणि याच मॉडेलांवर शिकणार. जे कोणी मोजले नाही ते तिला कुठून कळणार?

इथे वऱ्हाडचा प्रश्न वेगळा उभा राहतो. पदार्थाचे आकडे प्रयोगशाळेत साधारण २३ अंश तापमानाला काढतात. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो, आणि उन्हात धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या विमानाची कातडी त्याहून बरीच तापते. धातूला याने काही होत नाही. राळ मात्र मऊ पडू लागते, तंतूंना बाजूने धरून ठेवण्याची तिची ताकद घटते, आणि दाबाची सारी मदार त्या धरून ठेवण्यावर. कंपोझिट विमाने बहुतेक पांढरी असतात ती यासाठी. डायमंडच्या डीए-४० या छोट्या विमानात तर सांगाड्याचे तापमान ५५ अंशांपुढे गेले की दाखवणारा निदर्शक बसवलेला असतो, आणि तो तसे दाखवत असताना उड्डाण करायचे नसते. ऑस्ट्रियाच्या हवेत काढलेल्या आकड्यांवर चालवलेले सिम्युलेशन बेलोऱ्याच्या मे महिन्यातल्या दुपारबद्दल काही सांगते असे धरून चालणे म्हणजे थर्मामीटर न पाहता ताप ठरवणे. तीच गोष्ट गारपिटीची. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली विदर्भातली गारपीट अनेकांच्या लक्षात असेल. गारेने ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पोचा पडतो, तो डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या कातडीवर वरून काही दिसत नाही आणि आत थर सुटलेले असू शकतात. सिम्युलेशन सुरू होते ते कोऱ्या विमानापासून. धडक होते ती दहा वर्षे वापरलेल्या, एखाद-दोन गारा खाल्लेल्या विमानाची.

मग सिम्युलेशन करायचेच कशाला, असा तिसरा आक्षेप येतो, आणि तो वरच्या युक्तिवादाचाच उलटा टोकाचा अर्थ आहे. याचे उत्तर बोइंग ७८७ च्या इतिहासात आहे. या विमानाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कंपोझिटचा. धातूच्या विमानांच्या अपघातांचा अनेक दशकांचा अनुभव इथे लागू नव्हता, म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००७ मध्ये खास अटी घातल्या: जगण्याजोग्या आपटण्यात सामान जागेवर राहिले पाहिजे, प्रवाशाला बसणारा हिसका सोसण्याजोगा असला पाहिजे, भोवतालची जागा चेपली जाता कामा नये, आणि बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या राहिल्या पाहिजेत, हे सारे ॲल्युमिनियमच्या तोडीचे. बोइंगने त्या वर्षी ॲरिझोनातल्या मेसा येथे विमानाच्या अंगाचा एक भाग सुमारे १५ फुटांवरून खाली टाकला. तेवढ्या उंचीवरून पडताना वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास जातो. पण अशा किती चाचण्या करणार? विमान भरलेले असेल, रिकामे असेल, पोटात सामान असेल किंवा नसेल, एका कुशीवर पडेल. प्रत्येक शक्यतेसाठी अंग मोडायचे तर कारखाना त्यासाठीच चालवावा लागेल. इथे सिम्युलेशनची खरी जागा आहे. आधी हाताच्या बोटाएवढ्या पट्ट्या मोडायच्या, मग नळ्या आणि काटकोनी पट्ट्या, मग फरशीखालचे खांब, मग तुळया आणि खांबांची एकत्र चौकट, मग अंगाचा तुकडा. आणि प्रत्येक पायरीवर मॉडेल प्रयोगाशी जुळवून मगच वरच्या पायरीवर जायचे. जुळलेले मॉडेल दोन मोजलेल्या परिस्थितींच्या मधली परिस्थिती विश्वासाने सांगते. मोजलेल्या सीमेच्या बाहेरची सांगताना ते तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकते, आणि पडद्यावरची रंगीत चित्रे दोन्ही वेळी सारखीच देखणी असतात. मिहानमध्ये बनलेल्या तुळयांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. आपटण्यात खालचे खांब चुरले जातात आणि वरच्या तुळईने आसने धरून ठेवायची असतात. खांब आधी मोडतो की तुळई, हा क्रमच प्रवाशाचा जीव ठरवतो. हा क्रम संगणक सुचवू शकतो. खात्री मात्र मोडलेल्या तुळईतूनच येते.

शेवटचा आक्षेप प्रामाणिक आहे: पोलादाचे मॉडेलही जुळवूनच घेतलेले असते; वेल्डिंगचे ठिपके कधी तुटतात, काच कशी फुटते, हे तिथेही प्रयोगावरून ठरते. मान्य. फरक प्रमाणाचा आहे, पण प्रमाण निर्णायक ठरते. पोलादाच्या गाडीत ऊर्जेचा मोठा वाटा मोजता येणाऱ्या एका वक्रावर चालतो आणि जुळवाजुळव कडेकडेला असते. कार्बनच्या नळीत जुळवाजुळवच मधोमध बसलेली आहे. म्हणून फॉर्म्युला वनमध्ये, जिथे संगणकावर पाण्यासारखा पैसा खर्च होतो, तिथेही प्रत्येक नव्या गाडीचे कार्बनचे नाक आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या देखरेखीखाली खरोखर आपटवतात, आणि ते चाचणीत पास झाले नाही तर गाडी शर्यतीत उतरत नाही. नापास झालेली नाके कमी नाहीत. तेव्हा कार्बन फायबरच्या धडकेचा सिम्युलेशन अहवाल कोणी पुढे ठेवला, तर संगणक किती मोठा होता हे विचारण्यात वेळ घालवू नये. कोणत्या आकाराचे नमुने मोडले, मॉडेल जुळवल्यानंतर आकडे गोठवले की पुढच्या आकारासाठी पुन्हा बदलले, ज्या प्रयोगाशी निकाल ताडून दाखवला तो जुळवणीत आधीच वापरलेला होता की नवा, आणि त्या दिवशी प्रयोगशाळेत तापमान किती होते, हे विचारावे. यांतल्या तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा थोडे थांबून उत्तर येते.